मदत हवी आहे : विंडोज एक्सपीच्या सीडीत साटा (हार्ड डिस्क जोडणीचा) ड्रायव्हर घालूनही निळा पडदा

नमस्कार मंडळी. फोंड्यात मामांचं बोर्ड-स्टिकरचं दुकान आहे. त्यांच्या कटिंग प्लॉटरचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं, आणि चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर असल्याने मखरांच्या ऑर्डरी अडल्यात.

मदरबोर्डवर इंटेलची आयसीएच९आर चिप, बायोसमध्ये एएचसीआय मोड (साटा डिस्क चालवायची नवी पद्धत; जुनी ती आयडीई). एक्सपीच्या मूळ सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसतोच आणि सेटअप सुरू होताना एफ६ दाबून तो द्यायला फ्लॉपी ड्राइव्ह नाही. म्हणून एनलाइटने (एक्सपीची सीडी बदलून बनवायचं सॉफ्टवेअर) सर्व्हिस पॅक ३ आणि इंटेलचा ३२ बिट ड्रायव्हर टेक्स्टमोड (सेटअपच्या सुरुवातीलाच लोड होणारा) म्हणून सीडीत घातला. तरी 'सेटअप इज स्टार्टिंग विंडोज' आलं की निळा पडदा, स्टॉप ७बी. म्हणजे सेटअपला बूटची डिस्कच मिळत नाही.

सेटअपच्या ड्रायव्हरांची यादी असलेली टीएक्सटीसेटअप डॉट एसआयएफ फाइल उघडून पाहिली, त्यात डीईव्ही_२९२२ (या चिपच्या एएचसीआयचा ओळख क्रमांक) ची ओळ आहे. आयडीई मोडमध्ये हीच सीडी व्यवस्थित चालते, तेव्हा डिस्क आणि केबलवर माझा संशय नाही. आयडीईवर इन्स्टॉल करून नंतर मोड बदलणं मला पटत नाही. आधी ड्रायव्हर बसवला नाही तर पुन्हा ७बीच येणार.

आयसीएच९आरवर ड्रायव्हरची कुठली आवृत्ती तुमच्याकडे चालली? सीडीतल्या आय३८६ फोल्डरमध्ये (सेटअपच्या फाइली असतात तो) आणखी काय तपासू? म्हापसा-पणजीकडे कोणाकडे चालणारी यूएसबी फ्लॉपी असेल तर न्यायला येतो.