बोक्याला शी कडक होतेय, घरी काय करावं?

प्रश्न (कोथरूड): बोका ७ वर्षांचा, ४ किलो, नसबंदी झालेली. फक्त कोरडं खाणं. दोन दिवस शी नव्हती, आज वाळूत बोराएवढे दोन कडक खडे. खातोय, खेळतोय. एरंडेल द्यावं का?

– एरंडेल अजिबात नको. आधी वाळूत लघवीचे ओले गोळे आहेत का बघा. बोका सारखा वाळूत बसून कुंथतोय आणि ओलं काहीच नाही, तर ते लघवीचं तुंबणं. तेव्हा रात्र असली तरी थेट दवाखाना.

– लघवी ठीक असेल तर मूळ दुखणं पाण्याचं. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम १० टक्के, ओल्या खाण्याच्या पाऊचमध्ये ७५-८०. ४ किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली लागतं. पाऊचमध्ये २-३ चमचे कोमट पाणी कालवा. पुण्याच्या एप्रिलात तर हवंच.

– लाल भोपळा वाफवून, मीठ-फोडणीशिवाय, जेवणात १ छोटा चमचा. इसबगोल पाव चमचा, तोही पाण्यात पूर्ण फुगवून. कोरडा गेला तर उलट घट्ट बसतो. दूध उपाय नव्हे, नुसती ढाळ लागते.

– माणसांचा फॉस्फेटवाला एनिमा मांजरासाठी विषारी आहे, जिवावर बेततं. पॅराफिन (शी सुटायला देतात ते पातळ तेल) तोंडात ओतू नका, फुफ्फुसात जातं. लॅक्टुलोज (शी मऊ करणारं औषध) चालतं, पण मात्रा डॉक्टरांकडूनच. उलटी, खाणं बंद किंवा अजून एक दिवस शी नाही, तर घरचे प्रयोग थांबवा.