मदत हवी आहे: घरकुलाचा हप्ता येईपर्यंत कर्ज देणारा फिरता निधी कसा उभारावा?

ओटीवरून

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावात आमची छोटी विश्वस्त संस्था आहे. बालवाडी, अभ्यासिका आणि वस्तीतल्या बायकांचे बचत गट एवढाच आमचा पसारा. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी संस्थेला सहा लाख रुपये दिले आणि अट घातली, की पैसे गरिबांच्या घरांसाठी वापरा, पण वाटून संपवू नका. म्हणजे कर्जाऊ द्यायचे, परत आले की पुढच्या घराला द्यायचे. विश्वस्तांना कल्पना पसंत आहे, पण कर्ज देण्याचा अनुभव आमच्यापैकी कुणालाच नाही.

गरज कुठे आहे ते सविस्तर सांगते, कारण सल्ला त्यावरच अवलंबून आहे.

पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख मिळतात. घर किमान ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचं हवं. पैसे टप्प्याटप्प्याने येतात. आमच्याकडे जोतं बांधून झालं, त्याचा फोटो ॲपवर चढला, की मग पहिला हप्ता. म्हणजे जुनं घर पाडणं, पाया खोदणं, जोत्यापर्यंत बांधकाम आणि तेवढे महिने भाड्याची खोली, हे सगळं पदरच्या पैशांनी करायचं. आमच्या गवंड्याच्या हिशेबाने नुसत्या जोत्याला ऐंशी-नव्वद हजार लागतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे एवढे पैसे एकरकमी असतील तर ती घरकुलासाठी रांगेत कशाला उभी राहील?

आमच्या एका गटातल्या ताईंचंच उदाहरण घ्या. यादीत नाव आलं, मंजुरीचं पत्र आलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्यांनी घर पाडलं, शेडसाठी बांबू आणि निळी ताडपत्री आणली आणि जोत्यासाठी शेकडा दहाने पैसे उचलले. महिन्याला शेकडा दहा. सावकाराने पासबुक आणि एटीएम कार्ड ठेवून घेतलं. हप्ता खात्यावर आला त्या दिवशी त्याच्याच माणसाने तो काढला. भिंती वर घ्यायला पैसे उरले नाहीत, म्हणून परत त्याच्याच दारात. अडीच लाखांतले किती घराला लागले आणि किती व्याजाला गेले, हा हिशेब आम्ही एकत्र बसून मांडला तेव्हा त्या काही बोलल्याच नाहीत. आकडे त्यांना आमच्या आधीपासून ठाऊक होते.

बँकेत का जात नाहीत, असं कुणी विचारेल. गेल्या होत्या. उतारा सासऱ्यांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, पगाराची पावती नाही. गृहकर्जाचा अर्जही मिळाला नाही.

तर मला विचारायचं आहे ते असं. आमच्यासारख्या संस्थेने थेट कर्ज द्यावं, की मध्ये कुणाला घ्यावं? व्याज लावावं का, लावलं तर किती? आणि तारण काहीच नसताना पैसे परत येतील याची तजवीज काय? ज्यांनी असं काम केलं आहे किंवा जवळून पाहिलं आहे त्यांनी कृपया लिहा. पावसाळा संपला की आणखी काही कुटुंबं घरं पाडतील. त्याआधी काहीतरी उभं करायचं आहे.

खतावणी

ताई, मी पतसंस्थेत व्यवस्थापक होतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: थेट देऊ नका.

महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तुमचा हेतू चांगला असला तरी व्याज घेऊन कर्ज वाटणाऱ्या संस्थेवर कुणी तक्रार केली तर खुलासे करण्यात वर्ष जाईल. शिवाय तुमच्या घटनेतल्या उद्दिष्टांत कर्जवाटप बसतं का, हेही बघावं लागेल. उद्या निधी वाढवायला संस्थेनेच बाहेरून कर्ज उचलायचं ठरवलं, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

तुमच्याकडे बचत गट आहेत, तोच रस्ता सरळ आहे. गट आपल्या सभासदांना अंतर्गत कर्ज देतातच. गटांचा संघ असेल तर निधी त्याच्याकडे फिरता ठेवा. ‘माविम’ची, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाची, लोकसंचालित साधन केंद्रं (बचत गटांना साथ देणारी केंद्रं) तुमच्या भागात असतील तर त्यांच्याशी बोला, त्यांच्याकडे हिशेबाची बसलेली पद्धत असते. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या चांगल्या पतसंस्थेत सहा लाखांची ठेव ठेवायची आणि त्या ठेवीच्या तारणावर तिने या बायकांना सभासद करून कर्ज द्यायचं. वसुली आणि कागदपत्रं पतसंस्था बघेल, जोखीम तुमची. वकिलाला एकदा दाखवाच.

आता व्याज. ‘शेकडा एक’ म्हटलं की सगळ्यांना स्वस्त वाटतं, पण ते मुद्दलावर सरसकट की शिल्लक रकमेवर, हे आधी ठरवा. पन्नास हजार, बारा महिने, सरसकट १२ टक्के: व्याज ६,००० रुपये. तेच शिल्लक रकमेवर: महिन्याचा हप्ता साधारण ४,४४२ आणि व्याज सुमारे ३,३०९. दर तोच, पण सरसकट पद्धतीत व्याज जवळपास दुप्पट. गरीब माणसाला कर्ज देताना सरसकट पद्धत वापरूच नये, हे माझं ठाम मत आहे.

बिनव्याजी दिलंत तरी चालेल, पण बुडिताचा विचार करून. समजा दर फेरीला पाच टक्के परत आले नाहीत. सहा लाखांच्या पाच फेऱ्यांत तुम्ही एकूण सत्तावीस लाखांच्या आसपास कर्ज दिलेलं असेल आणि हातात साडेचार लाखांच्या वर शिल्लक असेल. दानातून एकदाच दिले असते तर सहा लाखांचंच काम झालं असतं. मात्र बुडीत वीस टक्क्यांवर गेलं तर पाच फेऱ्यांनंतर दोन लाखांहून कमी उरतील. वर्षाला चार-सहा टक्के शिल्लक रकमेवर लावा आणि ते सगळं व्याज ‘बुडीत निधी’ म्हणून वेगळं ठेवा, असं मी सुचवेन.

भायखळ्याची

धागा वाचून राहवलं नाही. माझं शिक्षण समाजकार्याचं, आणि मुंबईत ‘स्पार्क’, ‘नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन’ आणि ‘महिला मिलन’ या तीन संघटनांनी मिळून केलेलं काम अभ्यासलं आहे. तुमचा प्रश्न त्यांनी फार मोठ्या प्रमाणावर सोडवायचा प्रयत्न केला होता.

‘महिला मिलन’ १९८६ मध्ये भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांतून उभं राहिलं. रोज दारोदार फिरून बचत गोळा करायची, दोन रुपये असोत की दहा. ही बचत घरासाठी पुरेल असं कुणालाच वाटत नव्हतं. पण रोज दारात जाणाऱ्या बाईला कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचं काम सुटलं आहे, हे कळत राहतं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. हप्ता का थकला हे ज्याला कळतच नाही, त्याला तारण लागतं.

पुढे धारावीत राजीव-इंदिरा सोसायटीची इमारत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत बांधायला घेतली. तिथेही अडचण तुमच्यासारखीच. बांधकामाचा खर्च विकली जाणारी जागा आणि हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे बांधकामासाठी विकता येणारा हक्क) यांतून भरून निघणार, पण ते पैसे येणार काम पुढे सरकल्यावर. बिल्डरकडे आधी घालायला भांडवल असतं, वस्तीकडे नसतं. बँका म्हणायच्या, आधी कुणीतरी धोका पत्करा. म्हणून २००२ मध्ये ‘क्लिफ’ नावाची सोय झाली. ब्रिटनमधल्या ‘होमलेस इंटरनॅशनल’ या संस्थेमार्फत परदेशी मदतीचा पैसा आला आणि तो वस्त्यांच्या प्रकल्पांना मधल्या काळासाठी कर्जाऊ दिला गेला. बांधकामाचा व्यवहार सांभाळायला ‘निर्माण’ ही ना-नफा कंपनी होती.

पुण्यात येरवड्यालाही असंच. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत तिथली घरं होती त्याच जागी, गल्ल्या न मोडता पक्की बांधली. लाभार्थ्याचा वाटा दहा टक्के होता आणि महापालिकेचे पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर यायचे. तोपर्यंत सिमेंट, सळई, मजुरी चालू ठेवणारं कुणीतरी लागत होतं.

सांगायचं हे की अशा निधीचं मुख्य काम स्वस्त व्याज नाहीच. आधी उतरणं हे काम आहे. सरकारचा पैसा मंजूर असतो, तो येणारही असतो, फक्त उशिरा येतो, आणि त्या उशिराची किंमत सावकार वसूल करतो. तुमचे सहा लाख त्या मधल्या चार-सहा महिन्यांतच वापरा. पूर्ण घराला कर्ज द्यायला गेलात तर मोजक्याच कुटुंबांत पैसे अडकतील आणि निधी फिरणार नाही.

ओळंबा

बांधकामाच्या बाजूने थोडं. रोख देऊ नका, माल द्या. वीट, वाळू, सिमेंट यांचं बिल दुकानदाराला थेट चुकतं करा आणि मजुरीपुरतेच पैसे हातात द्या. पाच घरांचं सिमेंट आणि सळई एकदम घेतली तर दुकानदार दर कमी करतो आणि गाडीभाडंही वाचतं.

पायाची खोली आणि जोत्याची उंची आधी कागदावर घ्या. लोक हौसेने जोतं उंच घेतात, दोन खोल्यांऐवजी तीन आखतात आणि पैसे लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या पट्टीच्या, आत संपतात. मी अशी बरीच घरं पाहिली आहेत, भिंती उभ्या आणि वर आकाश. त्यांचा पुढचा हप्ता अडकतो तो कायमचाच. नकाशा मंजुरीला दिलाय तेवढंच बांधायचं, ही कर्जाची अटच ठेवा. आणि पैसे द्यायच्या आधी उतारा बघा. वारसनोंद राहिली असेल तर ते काम पहिलं, घर पाडणं नंतर.

ओटीवरून

मनापासून आभार. आमच्याकडे ही चर्चा चालली होती की हप्ता थेट आधार जोडलेल्या खात्यावर येतो, मग आपले पैसे वळते कसे करून घ्यायचे. एका विश्वस्तांनी सुचवलं की पासबुक आपल्याकडे ठेवावं. मला ते अजिबात पटलेलं नाही. यावर तुमचं मत हवं आहे.

खतावणी

पासबुक, कार्ड, कोरा चेक, आधार, काहीही ठेवू नका. ज्या सावकारापासून सोडवायला निघालात त्याचीच पद्धत होईल. पाच जणींचा गट करा, पाचहीजणी एकमेकींना जामीन. पहिल्या दोघींना कर्ज, त्यांचा पहिला परतावा आला की पुढच्या दोघींना. हप्ता जमा झाल्याचा दिवस गटातल्या बायकांना बरोबर कळतो.

आणखी एक. यातल्या कुणाची मायक्रोफायनान्सची कर्जं आधीच चालू असतील, ती विचारून घ्या. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे की तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुमच्यावर तो नियम लागू असो-नसो, मर्यादा तीच ठेवा. आणि मुदतीआधी मायक्रोफायनान्स कर्ज फेडलं तर दंड घेता येत नाही, हे बायकांना आवर्जून सांगा. बऱ्याच जणींना माहीत नसतं.

डरहॅमकर

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातून लिहितोय. आमच्या गावात ‘सेल्फ-हेल्प’ ही ना-नफा कर्जसंस्था १९८० मध्ये सुरू झाली. तिच्या पतपेढीचं पहिलं भांडवल ७७ डॉलर होतं, घरी भाजलेले केक-बिस्किटं विकून जमवलेले. पुढे बँका ज्यांना दारात उभं करत नव्हत्या अशा हजारो कुटुंबांना त्यांनी घरासाठी कर्ज दिलं. अशा संस्थांना भांडवल पुरवायला इथल्या सरकारने १९९४ मध्ये कायदा करून वेगळा निधी काढला.

त्यांच्याकडून घेण्यासारखं म्हणजे त्यांनी परतफेडीची नोंद पहिल्यापासून चोख ठेवली आणि ती पुढे करूनच मोठा पैसा मिळवला. तुम्हीही कुणी किती घेतलं, कधी फेडलं, उशीर का झाला, हे लिहून ठेवा. दोन वर्षांनी तीच वही घेऊन जिल्हा बँकेत किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीकडे जाता येईल.

ओटीवरून

सगळे प्रतिसाद छापून काल विश्वस्तांच्या बैठकीत वाचले. ठरलं ते लिहिते. निधी गटांच्या संघामार्फत फिरवायचा. कर्ज फक्त जोत्यापर्यंत, जास्तीत जास्त साठ हजार, बाकीचं कुटुंबाने घालायचं. माल दुकानातून, मजुरी रोख. व्याज शिल्लक रकमेवर वर्षाला सहा टक्के, सगळं बुडीत निधीत. पासबुकाला कुणी हात लावायचा नाही, हे ठरावातच लिहिलं. भाड्याच्या खोलीचा प्रश्न राहिलाय. बालवाडीच्या मागची खोली एका वेळी एका कुटुंबाला देता येईल का, ते बघतोय.

वर ज्या ताईंबद्दल लिहिलं त्या वसुलीच्या समितीत यायला तयार आहेत. व्याजाचा हिशेब त्यांच्याइतका कुणाला येत नाही.

आता दोन गोष्टी हव्या आहेत. संघ आणि सभासद यांच्यातल्या कर्जरोख्याचा सोप्या मराठीतला मसुदा कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि वारसनोंदीची कामं माफक फीत करून देणारे वकील कराड-सातारा भागात कुणाच्या ओळखीचे असतील तर तेही व्यनितूनच कळवा. पाच कुटुंबांपैकी तिघांचे उतारे अजून आजे-सासऱ्यांच्या नावावर आहेत.