‘टाइट खेळा’, ‘कधीमधी ब्लफ करा’: पोकरमधील अशा सल्ल्यांचा नेमका अर्थ कसा लावावा?

नवखा_कोथरूड
नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्र रविवारी संध्याकाळी कोथरूडमध्ये, पैसे न लावता, केवळ चिप्सवर टेक्सस होल्डेम (प्रत्येकाला दोन पाने आणि टेबलावर पाच सामाईक पाने असलेला पोकरचा प्रकार) खेळतो. तीन पत्तीची सवय असल्याने खेळ लवकर जमला, परंतु डावपेचांविषयी वाचताना अडखळायला होते. ‘सुरुवातीच्या जागेवरून टाइट खेळा’ (आधी बोलायची पाळी असेल तर मोजकेच चांगले हात खेळा), ‘रिव्हरवर कधीमधी ब्लफ करा’ (शेवटच्या सामाईक पानानंतर कमकुवत पानांवरही चिप्स लावून समोरच्याला डाव सोडायला लावा), ‘स्टॅक डीप असेल तर लहान जोडीवरही कॉल करा’ (जवळ चिप्स भरपूर असतील तर लहान जोडीवरही समोरच्याइतक्या चिप्स लावा) असे सल्ले सर्वत्र मिळतात. मात्र टाइट म्हणजे किती हात (सुरुवातीच्या दोन पानांच्या जोड्या), कधीमधी म्हणजे किती वेळा आणि डीप म्हणजे किती चिप्स, हे कोणी सांगत नाही. जाणकारांच्या मनात काही आकडे असतात का?

हुकमी_एक्का
असतात, पण ते परिस्थितीनुसार बदलतात, म्हणूनच लिहिणारे ते टाळतात. ‘कधीमधी’चे उत्तर बेटच्या, म्हणजे लावलेल्या चिप्सच्या, आकारात आहे. पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या रकमेत) 100 चिप्स असताना तुम्ही रिव्हरवर 50 लावल्या, तर समोरच्याला 50 देऊन 150 जिंकण्याची संधी मिळते. म्हणजे चारपैकी एकदा तो बरोबर ठरला तरी त्याचे नुकसान होत नाही. म्हणून अशा चार बेटांपैकी साधारण एक ब्लफ असावी. पूर्ण 100 लावल्यास हेच प्रमाण तिनांत एक होते. बेट जितकी मोठी, तितके ब्लफ अधिक. नवख्यांचा समज बहुधा याच्या उलट असतो.

‘डीप’चेही तसेच आहे. हातात जोडी असेल, तर फ्लॉपवर (पहिल्या तीन सामाईक पानांत) त्याच किमतीचे तिसरे पान मिळण्याची शक्यता सुमारे 12 टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. शिवाय ते मिळाले तरी समोरचा प्रत्येक वेळी सगळ्या चिप्स देत नाही, त्यामुळे कॉलच्या रकमेच्या निदान 15 ते 20 पट चिप्स दोघांकडेही असाव्यात, असा हिशेब धरतात. 60 बिग ब्लाइंडचा (बिग ब्लाइंड म्हणजे पाने वाटण्याआधी सक्तीने लावायची मोठी रक्कम) स्टॅक 3 बिग ब्लाइंडच्या कॉलसाठी डीप आहे, 9 च्या कॉलसाठी मुळीच नाही.

औंधचा_गुलाम
वरील हिशेब मान्य, फक्त ‘टाइट’विषयी थोडी भर घालतो. दोन पानांचे एकूण 1326 संयोग होतात. सत्तीपासून वरच्या सर्व जोड्या (48), सुटेड (एकाच चिन्हाचे) एक्का-गुलाम, एक्का-राणी, एक्का-राजा (12), सुटेड राजा-राणी (4) आणि ऑफसुट (वेगवेगळ्या चिन्हांचे) एक्का-राणी व एक्का-राजा (24) मिळून 88, म्हणजे जेमतेम साडेसहा टक्के. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून याला टाइट म्हणणे योग्य. सहा जणांच्या टेबलावर त्याच जागेवरून साधारण 15 टक्के हात खेळणाराही टाइटच समजला जातो. त्यामुळे सल्ला वाचताना तो किती जणांच्या टेबलासाठी लिहिला आहे, हे आधी पाहावे.

ब्लफचे प्रमाण मात्र समोरचा योग्य वेळी फोल्ड करतो (पाने टाकून डाव सोडतो) असे गृहीत धरून काढलेले आहे. घरगुती बैठकीत ‘बघू तरी काय आहे’ म्हणून प्रत्येक बेटला कॉल करणारे निदान दोघे असतातच. त्यांच्यापुढे ‘कधीमधी’चा अर्थ शून्य घ्यावा.

नवखा_कोथरूड
आभारी आहे. आम्ही सहा जण असतो आणि प्रत्येकी 50 बिग ब्लाइंड घेऊन बसतो. म्हणजे 3 च्या कॉलवर लहान जोडी चालेल?

हुकमी_एक्का
चालेल, पण काठावर. तुमच्या मागे अजून कोणी राइज करणारा (बेट वाढवणारा) उरला असेल, तर सोडून द्या.