चोर्ला घाटात इंजिन तापते, सपाटीवर नाही. दोष कोठे शोधावा?

अंत्रूजकर

नमस्कार. आमच्याकडे 1999 सालची, चार सिलिंडरची लहान पेट्रोल मोटार आहे. ती वडिलांनी घेतलेली असून घरातील सर्वांचा तिच्यावर जीव आहे, त्यामुळे ती विकून टाकण्याचा सल्ला कृपया देऊ नये. फोंड्याहून बाणस्तारीमार्गे पणजीला जाताना तापमानाचा काटा मध्याच्या किंचित खाली स्थिर असतो आणि साखळीवरून केरीपर्यंतही काही तक्रार नसते. केरी सोडून चोर्ला घाट चढू लागले, की काही वळणांनंतर काटा वर सरकू लागतो आणि माथ्याजवळ तांबड्या रेषेला टेकतो. बाजूला थांबून इंजिन नुसते चालू ठेवले, की पंखा फिरताना ऐकू येतो व काटा हळूहळू उतरतो.

एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकण्यात आला. गोव्याच्या हवेत त्याची गरज नाही, असे कारण मिळाले. दुसऱ्या गॅरेजने काहीही न तपासता हेड गॅस्केट (सिलिंडरवरचे हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधले सील) गेल्याचे सांगून हेड उतरवण्याचा खर्च कळवला. रेडिएटरच्या टाकीतील पाणी घाटातून आल्यावर कमी झालेले असते, मात्र घरी उभ्या गाडीखाली थेंबही दिसत नाही. हेडला हात लावण्यापूर्वी कोणत्या गोष्टी, कोणत्या क्रमाने तपासाव्यात?

बार्देशकर

गाडी केव्हा तापते, हे आपण नेमके सांगितले आहे आणि निदानाचे अर्धे काम त्यातच आहे. पर्वरीसारख्या वाहतूक कोंडीत उभी असताना तापणारी आणि वेग घेताच थंड होणारी गाडी बहुधा हवेच्या अभावाने तापते: पंखा, त्याचा रिले, तापमानाचा स्विच किंवा रेडिएटरवर साचलेला चिखल. याउलट उभी असताना शांत राहणारी आणि भार पडताच तापणारी गाडी बहुधा पाण्याच्या प्रवाहाच्या अभावाने तापते: आतून तुंबलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप किंवा चेपणारा होज (रबरी नळी).

तथापि घाटावरून थेट निष्कर्ष काढू नये. दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनावर भार सर्वाधिक असतो आणि गाडीचा वेग मात्र इतका कमी असतो, की समोरून येणारी हवा जवळजवळ पंख्याच्याच भरवशावर असते. म्हणजे दोन्ही दोष घाटात एकसारखेच दिसतात. ते वेगळे करण्यासाठी दुपारच्या उन्हात, एसी चालू ठेवून, रस्ता मोकळा असेल तेथे सपाटीवर 80च्या स्थिर वेगाने बराच वेळ गाडी चालवा. त्या वेगाला हवा भरपूर मिळते. तरीही काटा चढला, तर दोष प्रवाहाचा आहे असे समजण्यास हरकत नाही.

पंख्याचीही खात्री करून घ्या. एसी लावताच पंखा फिरत असेल, तर मोटर शाबूत आहे; परंतु एसी बंद असताना इंजिन तापल्यावरही तो आपोआप सुरू व्हायला हवा. बहुतेक गाड्यांत हे 95 अंशांच्या आसपास घडते. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट टॉर्च लावून पाहा. खनिजाच्या रस्त्यांवरून वर्षानुवर्षे फिरलेल्या गाड्यांत तेथे तांबड्या धुळीचा थर पावसाच्या पाण्याने घट्ट बसलेला असतो आणि तो समोरून दिसत नाही. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर सोडा, आणि धार सौम्य ठेवा. जोरदार धारेने पातळ फिन्स आडव्या होतात व हवा कायमची अडते.

सत्तरीकर

केरीच्या बाजूला घाटात उभ्या राहिलेल्या गाड्या पाहणे माझ्या नित्याचे आहे, म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगतो.

पहिली थर्मोस्टॅटची. तो केवळ थंड प्रदेशासाठी असतो, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे आणि त्याने कित्येक इंजिनांचे नुकसान केले आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन झडपा असतात. एक रेडिएटरकडचा मार्ग उघडते, त्याच वेळी दुसरी बायपासचा मार्ग बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला, की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरमध्ये न जाता तसाच इंजिनात फिरत राहतो. म्हणजे सकाळी इंजिन गरजेपेक्षा थंड आणि चढावर गरजेपेक्षा गरम, नेमके आपण वर्णन केले आहे तसे. मूळ अंशांचाच नवा थर्मोस्टॅट घ्या. 82 किंवा 88 हा आकडा त्यावर कोरलेला असतो. बसवण्यापूर्वी तो दोरीने पाण्याच्या पातेल्यात लोंबकळत ठेवून पाणी तापवा आणि थर्मामीटरवर तो कधी उघडू लागतो ते पाहा. नवा सुटा भागही सदोष निघू शकतो.

दुसरी रेडिएटरच्या झाकणाची. झाकणाचे काम टाकी बंद करण्यापुरते नसते, ते आत दाब धरते. 0.9 बार दाब टिकला, तर साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, की दाब सुटतो, पाणी आधीच उकळते आणि जादा पाण्याच्या बाटलीतून बाहेर सांडते. हे धावत्या गाडीत घडत असल्यामुळे घरी जमिनीवर थेंब दिसत नाही. सर्व सुट्या भागांत हा सर्वांत स्वस्त, आणि तपासला जातो सर्वांत शेवटी.

अंत्रूजकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे नवा थर्मोस्टॅट पातेल्यात तपासून बसवला आणि झाकण बदलले. पाणी कमी होणे थांबले आहे व सकाळी इंजिन लवकर तापमानाला येते. पंखा एसीविना आपोआप सुरू होतो. कंडेन्सरच्या मागून बरीच माती निघाली. मात्र 80च्या वेगाची चाचणी घेतली असता काटा सावकाश, पण निश्चितपणे चढला, आणि घाटातही तो माथ्यापर्यंत जातोच, जरी पूर्वीपेक्षा उशिरा. पाणी गढूळ तांबूस आहे. गेली काही वर्षे त्यात विहिरीचेच पाणी घातले जात होते, असे वडिलांकडून कळले.

सासष्टीकर

तांबूस पाण्याने बरेच काही सांगितले. जांभ्या दगडाच्या प्रदेशातील विहिरींच्या पाण्यात लोह असते आणि ते पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असते. आपल्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा कूलंट हवे कशाला, असे विचारले जाते. पण कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये हाच आपल्या हवामानात त्याचा मुख्य उपयोग आहे. ती नसतील, तर गंज वॉटर पंपाची पाती खातो आणि त्याचा गाळ रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत जाऊन बसतो.

आता रेडिएटरची परीक्षा अशी करा. इंजिन पूर्ण तापवून, पंखा एकदा फिरून थांबल्यावर, इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या ठिकाणी तापमान घ्या. गरम पाणी शिरते त्या बाजूकडून थंड पाणी निघते त्या बाजूकडे ते क्रमाक्रमाने उतरायला हवे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला, तर त्या नळ्यांतून पाणी वाहत नाही. वरच्या आणि खालच्या होजमधील फरकही पाहा. फरक फार मोठा असेल, तर पाणी अगदी थोडे वाहते आहे. फरक नगण्य असूनही इंजिन तापत असेल, तर पाणी वाहते पण रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाही. आणखी एक पाहावे: झाकण घट्ट लावून कोणी तरी ॲक्सिलरेटर दाबून धरला असता खालचा होज आत चेपतो का? तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असल्याने जुने रबर तेथे चपटे होते आणि इंजिन थांबताच पुन्हा फुगते, त्यामुळे इंजिन बंद असताना त्याचा पत्ता लागत नाही.

हेड गॅस्केटबद्दल शंका मनात राहू नये, यासाठी ब्लॉक टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवून आतली हवा त्यातून ओढतात. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल, तर द्रव पिवळा होतो. या चाचणीला हेड उतरवण्याच्या तुलनेत काहीच खर्च नाही, आणि ती न करता हेड उघडण्यास संमती देऊ नका.

बार्देशकर

सासष्टीकर यांच्याशी सहमत आहे. एकच पुस्ती जोडतो. रेडिएटर तुंबलेला निघाला, तर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून गाळ काढणे) करून देतो असे सांगणारे भेटतील. ते तांबे-पितळेच्या जुन्या रेडिएटरला ठीक आहे. आपल्या गाडीचा ॲल्युमिनियमचा, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची टाकी असलेला असेल, तर त्यात पैसे न घालता नवा घ्यावा.

अंत्रूजकर

ब्लॉक टेस्टमध्ये द्रव निळाच राहिला. खालचा होज चेपत नाही. रेडिएटरचा खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा मात्र हाताला कोमट लागेल इतकाच गरम होता. तो ॲल्युमिनियमचाच असल्याने नवा मागवला आहे. पंपही उघडून पाहणार आहे. भरताना काय काळजी घ्यावी?

सत्तरीकर

आधी जुने पाणी काढून, साध्या पाण्याने बाहेर येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत इंजिन धुऊन घ्या. नव्या रेडिएटरमध्ये जुना गाळ जाता कामा नये. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून सावकाश भरा. गाडीचे तोंड किंचित उंच ठेवा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा आणि झाकण उघडे ठेवून इंजिन थंड अवस्थेतून सुरू करा. बुडबुडे येणे थांबेपर्यंत व पंखा फिरेपर्यंत पातळी भरत राहा, म्हणजे आत हवा अडकून राहणार नाही. त्यानंतर झाकण लावा, आणि पुढे ते गरम इंजिनावर कधीही उघडू नका.

नवा रेडिएटर येईपर्यंत घाटात जाणे अपरिहार्य झाले, तर काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर व ब्लोअर पूर्ण चालू करावा. हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा चढतच राहिला, तर वळण सोडून सुरक्षित जागी थांबा, आणि वाफ दिसत असेल तर इंजिन लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. ॲल्युमिनियमचे हेड वाकते, आणि मग जे काम आपण टाळले आहे तेच करावे लागेल.