मालिकेतील सीतेने रामाला उत्तर द्यावे का?

अमळनेरची वाचक :
नमस्कार. आमच्या घरी रामायणावरील मालिका सर्वजण एकत्र बसून पाहतात. माझ्या मुलीने आधी २०१५ साली सुरू झालेली ‘सिया के राम’ पाहिली आणि रामानंद सागर यांची १९८७ ची मालिका २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा लागली तेव्हा तीही पाहिली. जुन्या मालिकेतील सीता तिला फार सोशिक वाटली. उलट, दरवर्षी रामनवमीला पारायण करणाऱ्या माझ्या सासऱ्यांना नव्या मालिकेतील प्रश्न विचारणारी सीता मुळीच रुचली नाही; हे सारे लेखकाने पदरचे घातले आहे, असे त्यांचे मत आहे. मूळ ग्रंथात सीता खरोखर किती बोलते आणि देवी म्हणून जिची पूजा होते तिला पडद्यावर रागावलेली दाखवणे योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

धुळेकर :
ताई, आमच्या धुळ्यातील समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातील वाल्मीकी रामायण जतन केलेले आहे. ज्यांच्या रामभक्तीविषयी कोणाला शंका नाही अशा पुरुषाने जो ग्रंथ स्वतः उतरवून घेतला, त्यातील सीता अबोल नाही. अयोध्याकांडात राम तिला मागे ठेवू पाहतो, तेव्हा माझ्या वडिलांनी जावई म्हणून पुरुषाच्या रूपातील स्त्रीच निवडली काय, असे ती त्याला ऐकवते. अरण्यकांडाच्या नवव्या सर्गात तर ती त्याला धर्म समजावते : वैर नसताना राक्षसांवर शस्त्र उचलू नये, कारण शस्त्र जवळ असले की बुद्धी पालटते. त्यासाठी ती एका तपस्व्याची कथा सांगते. इंद्राने त्याच्याकडे ठेव म्हणून तलवार दिली. तिला जपता जपता ती सतत हाती राहिली आणि अखेर त्याचे तप सुटून तो क्रूर झाला. राम या बोलण्यावर रागावत नाही. तू स्नेहाने बोललीस असे म्हणून तो आपली बाजू मांडतो. पती-पत्नींमधील इतका उंचीचा संवाद मालिकांच्या लेखकांना आयता मिळालेला असताना ते रडण्याच्या प्रसंगांवर भाग खर्च करतात, याचे मला मनापासून दुःख होते.

लंकेतील विजयानंतर, तिला छळणाऱ्या राक्षसींना मारण्याची परवानगी हनुमान मागतो, तेव्हाही ती त्याला थांबवते. अपराध कोणाकडून होत नाही, असे ती त्याला विचारते. करुणेचे हे बळ रागाइतकेच तिचे आहे आणि दोन्ही एकाच अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर दिसली पाहिजेत. लक्ष्मणरेषा मात्र वाल्मीकींच्या अरण्यकांडात नाही, तरी प्रत्येक मालिकेत ती हमखास असते. तेव्हा पदरचे घालण्याचा आक्षेप फक्त नव्या लेखकांवर घेता येणार नाही.

रावेरहून एक श्रोता :
ग्रंथाइतकाच आपल्या आया-आज्यांच्या ओव्यांचाही आधार घ्यावा, असे मला वाटते. ‘राम म्हणू राम, नाही सीतेच्या तोलाचा, हिरकणी सीताबाई, राम हलक्या दिलाचा’ ही ओवी जात्यावर म्हणणाऱ्या बाया नास्तिक नव्हत्या. त्याच बाया रामाचे नाव घेऊन दळण सुरू करत आणि सीतेच्या वनवासाच्या ओवीपाशी आल्या की रामाला बोल लावत. सासऱ्यांना हे सांगून पाहा. त्यांच्या आईच्या तोंडीही अशी एखादी ओवी असेल.

भुसावळचा रामभक्त :
वरील मतांचा आदर राखून माझे वेगळे म्हणणे मांडतो. उत्तर भारतातील कोट्यवधी लोकांचे रामायण म्हणजे तुलसीदासांचे ‘रामचरितमानस’, आणि सागर यांच्या मालिकेवर त्याची छाया दाट आहे. मानसात खरी सीता हरणापूर्वीच अग्नीच्या स्वाधीन होते, रावण तिचे केवळ प्रतिबिंब नेतो आणि अग्निपरीक्षेत मूळ सीता परत येते. मालिकेतील राम हीच गोष्ट लक्ष्मणाला सांगतो. ही पळवाट नसून तो भक्तिपरंपरेचा स्वतंत्र विचार आहे. शिवाय त्या काळी लोक दूरदर्शन संचाला हार घालत आणि त्या मालिकेत सीता झालेल्या दीपिका चिखलिया यांच्या पाया पडत. अशा प्रेक्षकांपुढे सीतेला उभे करताना निर्मात्याने जपून पावले टाकली, तर त्याला भित्रा म्हणू नये.

अमळनेरची वाचक :
सर्वांचे आभार. नवव्या सर्गातील तपस्व्याची कथा सासऱ्यांना वाचून दाखवली. सीतेने रामाला असे समजावले आहे हे त्यांना पटले. पण अग्निपरीक्षेच्या प्रसंगी तिने शांतच असावे, असे ते अजूनही म्हणतात.

धुळेकर :
भुसावळकरांचा मुद्दा मला मान्य आहे. मानसाची परंपरा मोठी आहे आणि ती स्वीकारणाऱ्या मालिकेला कोणी खोटे ठरवू नये. माझा आग्रह एवढाच की, जी मालिका वाल्मीकींचा आधार सांगते तिने युद्धकांडातील सीतेचे उत्तर गाळू नये. सामान्य पुरुषाने सामान्य स्त्रीला बोलावे तसे कठोर शब्द तुम्ही मला का ऐकवता, असे ती भर सभेत रामाला विचारते आणि त्यानंतर लक्ष्मणाला चिता रचण्याची आज्ञा स्वतः देते. हे शब्द काढून टाकले की प्रेक्षकाला एक स्त्री आगीत ढकलली गेलेली दिसते. ते ठेवले की आपल्या सत्यावर विश्वास ठेवून स्वतः पाऊल उचलणारी जानकी दिसते. अभिनेत्रीने ते ओरडून म्हणण्याची गरज नाही. सावकाश, रामाकडे पाहून म्हटले तरी पुरे, आणि तेवढा वेळ पार्श्वसंगीत थांबवावे.