मदत हवी आहे: नाटक चित्रित करताना सिने झूमचा फोकस सुटतोय

प्रयोगवेडा:

नमस्कार मंडळी,

आमच्या नाट्यसंस्थेच्या दोन अंकी नाटकाचा एक प्रयोग पावसाळ्यात दादरला शिवाजी मंदिरमध्ये पूर्ण चित्रित करून ठेवायचा आहे. प्रेक्षकांसह, मध्ये कुठेही न थांबता. दुसऱ्या अंकात आमच्या ज्येष्ठ नटाचं चारेक मिनिटांचं स्वगत आहे. दिग्दर्शिकाताईंना तिथे एकच अखंड शॉट हवा आहे. सुरुवातीला पूर्ण सेट, आणि स्वगत संपेपर्यंत चौकटीत ते एकटे, कमरेपासून वर. मलाही तिथे कट नकोच आहे. ते स्वगत हळूहळू चढत जातं आणि मध्ये कॅमेरा बदलला की ती चढण तुटते. त्यांचं वय पाहता हे काम नीटच व्हायला हवं, म्हणून इथे विचारतोय.

कॅमेरा संस्थेचा सोनी एफएस७, म्हणजे सुपर ३५ (सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर. लेन्स भाड्याने. चाचणीसाठी अंधेरीहून पीएल माउंटची (सिनेमाच्या कॅमेऱ्यांवर बसणारी) एक सिने झूम आणली, सोबत ती सोनीच्या ई-माउंटवर बसवणारा पीएल ते ई-माउंट ॲडॉप्टर. टेलीला (झूमच्या सर्वांत आतल्या टोकाला) डोळ्यांवर फोकस धरला की चित्र एकदम शार्प. फोकस रिंगला हात न लावता वाइडला (सर्वांत रुंद टोकाला) आलो की सगळं सॉफ्ट. वाइडला फोकस करून आत गेलो तर चेहरा पार हातचा जातो. फोटोच्या झूममध्ये हे होणारच, तिथे ऑटोफोकस सावरून घेतो. पण झूम करताना फोकस जागच्या जागी राहावा म्हणूनच तर सिने झूम घेतली. लेन्ससोबत आलेला अटेंडंट म्हणाला, "ही अशीच आहे." मला पटलेलं नाही.

दोष कुणाचा, लेन्सचा, ॲडॉप्टरचा की कॅमेऱ्याचा? आणि त्याऐवजी फुजिनॉन एमके १८-५५ किंवा ५०-१३५ (फोकल लेंग्थ, मिमीत) घेतली तर? दोन्ही टी२.९ आहेत (टी म्हणजे लेन्समधून येणाऱ्या प्रकाशाचं माप, आकडा लहान तितका प्रकाश जास्त), ई-माउंटच्या आहेत, ॲडॉप्टरची भानगडच नाही. कॅमेरा बाल्कनीत पहिल्या रांगेत लावायचा विचार आहे, रंगमंचापासून साधारण १८ मीटर. एक मित्र सोनीचा फुल-फ्रेम (सुपर ३५पेक्षा मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा एफएक्स६ द्यायलाही तयार आहे.

लेन्सकर:

पहिला संशय ॲडॉप्टरवर. पीएल माउंटचं फ्लँज अंतर (माउंटपासून सेन्सरपर्यंतचं) ५२ मिमी, ई-माउंटचं १८. म्हणजे ॲडॉप्टर बरोबर ३४ मिमी जाड हवा आणि इथे "जवळपास ३४" चालत नाही. १३५ मिमीला १८ मीटरवरचा माणूस आणि अनंत यांच्या फोकसमधलं अंतर सेन्सरपाशी साधारण १ मिमी असतं. १८ मिमीला तेच अंतर फक्त ०.०१८ मिमी. त्यामुळे ॲडॉप्टर ०.०५ मिमीने पातळ असला तर टेलीला तुम्ही फोकस रिंग किंचित फिरवून तो दोष नकळत भरून काढता, पण वाइडला फोकस अनंताच्याही पलीकडे जातो. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे.

खात्री करायची तर तीच लेन्स रेंटलवाल्यांकडे पीएल माउंटच्या कॅमेऱ्यावर चढवून बघायला सांगा. तिथे फोकस टिकला तर लेन्स निर्दोष. नाही टिकला तर माउंटखाली शिम (पातळ चकती) घालून ती दुरुस्त होते, आणि ते त्यांचं काम आहे, तुमचं नाही. "अशीच आहे" हे उत्तर मान्य करू नका. पार्फोकल (झूम करताना फोकस टिकवणारी) नसलेली सिने झूम म्हणजे बहुधा बॅकफोकस (लेन्स आणि सेन्सरमधल्या अंतराची जुळणी) बिघडलेली झूम.

एमकेवर बॅकफोकस जुळवायची सोय लेन्सवरच आहे. ॲपर्चर पूर्ण उघडा, टेलीला जाऊन फोकस चार्टवर फोकस रिंगने शार्प करा. मग वाइडला येऊन फक्त बॅकफोकस फिरवून शार्प करा. पुन्हा टेली, पुन्हा वाइड, दोन्ही टोकं जुळेपर्यंत. शेवटी स्क्रू आवळायला विसरू नका.

तिसरी_घंटा:

बॅकफोकस सुटेल हो, पण मूळ शॉटचंच गणित बघा. सुपर ३५ची रुंदी २४ मिमी धरू. १८ मीटरवरून ५० मिमीला साधारण ८.६ मीटर रुंद दृश्य मिळतं, म्हणजे सेट आला. १३५ मिमीला ३.२ मीटर. त्यात माणूस पायापासून डोक्यापर्यंत मावेलच, शेजारची खुर्चीही दिसेल. कमरेपासून वरचा शॉट हवा तर रुंदी दीड मीटरच्या आसपास यायला हवी. पूर्ण सेटपासून तिथपर्यंत जायला सहापट झूम लागते. ५०-१३५ आहे २.७ पट, १८-५५ तिप्पट. दोन्ही सुंदर लेन्स, किलोभराच्या आत वजन, पण हा शॉट त्यांच्याच्याने होणार नाही.

एफएक्स६ तर नकोच. एमकेचं चित्र सुपर ३५ पुरतंच पडतं आणि एफएक्स६चा सेन्सर जेमतेम १० मेगापिक्सेलचा. सुपर ३५ क्रॉप केला की ४के उरत नाही. तुमचा एफएस७ या कामाला जास्त योग्य.

मी असतो तर प्रेक्षागृहाच्या मधल्या वाटेत, रंगमंचापासून ८-९ मीटरवर थोड्या उंचवट्यावर ट्रायपॉड लावून कॅननची १७-१२० घेतली असती. सातपट आहे, सर्व्हो (झूम फिरवणारी मोटर) अंगचाच. ९ मीटरवरून २४ मिमीला पूर्ण सेट आणि १२० मिमीला १.८ मीटर. ९१ मिमीपर्यंत ती टी२.९५ राहते, पुढे १२०ला टी३.९ पर्यंत उतरते. स्वगत चालू असताना चेहरा हळूहळू काळवंडायला नको, म्हणून सुरुवातीपासूनच टी४ वर ठेवा. स्पॉटमधल्या चेहऱ्याला तेवढा प्रकाश पुरतो.

लेन्सकर:

मधली वाट प्रेक्षक भरलेले असताना मिळणं कठीण आहे. मागे बसलेल्यांचाही विचार हवा, तेही तिकीट काढून आलेले असतात. बाल्कनीच हवी असेल तर अँजेन्यू ऑप्टिमो २४-२९०, टी२.८. १८ मीटरवरून ५०ला सेट, २९०ला दीड मीटर. मात्र एकट्या लेन्सचं वजन ११ किलो, त्यामुळे रॉड, लेन्स सपोर्ट आणि तगडं फ्लुइड हेड लागणारच.

तिसरी_घंटा:

आणि २९० मिमीला बाल्कनीत शेजारून कुणी चाललं तरी चौकट हलते. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या ठेवायला लागतील.

प्रयोगवेडा:

दोघांचेही मनापासून आभार. सहापट झूमचं गणित मी मांडलंच नव्हतं, ते कळल्यावर निम्मा प्रश्न सुटला. मधल्या वाटेबद्दल लेन्सकरांचं म्हणणं खरं आहे, पण हा प्रयोग निमंत्रितांसाठी आहे, त्यामुळे मागच्या काही खुर्च्या आम्ही रिकाम्या ठेवू शकतो. १७-१२०चं बघतो. पीएल असेल तर ॲडॉप्टर पुन्हा आलाच, म्हणून कॅमेरा रेंटलवर घेऊन जाईन आणि तिथेच चार्टवर दोन्ही टोकं तपासून मगच लेन्स उचलेन. शेवटची शंका: चार मिनिटांची झूम सर्व्होवर इतकी हळू चालेल का?

तिसरी_घंटा:

गृहीत धरू नका. सर्वांत कमी वेगावर २४ ते १२० जायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. चार मिनिटांपेक्षा कमी भरला तर सुरुवातीची काही वाक्यं चौकट स्थिर ठेवा आणि नट पहिल्यांदा वळतात किंवा बसतात तिथे झूम सुरू करा. हालचालीच्या आडून सुरू झालेली झूम कुणाला जाणवत नाही. तालमीला ऑपरेटरला बसवा, संवादांच्या प्रतीत कोणत्या ओळीला चौकट कुठे हवी याच्या खुणा त्याला स्वतःला करू द्या. फोकस पुलर (फक्त फोकस सांभाळणारा माणूस) वेगळाच ठेवा, कारण नट दोन पावलं पुढे आले तर पार्फोकल लेन्सही काही करू शकत नाही.

लेन्सकर:

पावसाळ्यात करताय म्हणून एक. बाहेरची दमट हवा, आत एसी. प्रयोग संपल्यावर लेन्स एसीतच पेटीत बंद करा आणि बाहेर नेल्यावर लगेच उघडू नका, काचेवर पाणी धरतं. आणि हॉल गार झाल्यावर, प्रेक्षक आत सोडण्याआधी, बॅकफोकस पुन्हा एकदा तपासा. तापमान बदललं की तो किंचित सरकतो.