मदत हवी आहे: दाढेला ऑनले की कॅप? (कोथरूड-कर्वेनगर भाग)

मंडळी, आईच्या खालच्या दाढेत जुनं चांदीचं फिलिंग होतं, परवा चकली खाताना त्या दाढेचा आतल्या बाजूचा टवकाच उडाला. दुखत नाहीये, पण जीभ सारखी तिथेच जाते आणि कड इतकी धारदार आहे की जिभेला चरा पडलाय.

एक डॉक्टर म्हणाले सरळ रूट कॅनल करून कॅप बसवा. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बघून सांगितलं की नस जिवंत आहे, रूट कॅनलची गरज नाही, ऑनले करू, म्हणजे तुटलेला उंचवटा आणि वरचा चावायचा भाग तेवढा झाकायचा, कॅपसारखी दाढ चारी बाजूंनी घासायची नाही. माप घेऊन लॅबमधून येतो म्हणून 2 सिटिंग, मधे टेंपररी. मला हे पटतंय, चांगली दाढ उगाच कशाला कोरायची? पण आई रात्री दात खाते, म्हणून सिरॅमिकचा ऑनले तडकेल अशी धास्ती वाटते.

तर कोणी केलाय का ऑनले? ई-मॅक्स घेतला की झिरकोनिया (दोन्ही सिरॅमिकचेच प्रकार), की कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिन)? निघून आला का कधी? रात्री नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं प्लास्टिकचं कवच) लावावा लागतो का? खर्च साधारण किती आला तेही सांगा, आणि धनकवडीला भारती विद्यापीठाच्या डेंटल कॉलेजात कोणी करून घेतला असेल तर तिथला अनुभव जरूर लिहा. आईला रिक्षाने नेणार आहे, जिने नसलेलं क्लिनिक असेल तर उत्तमच.